रॅटच्या मणक्यात औषध सोडायचंय? पेपर उघडायच्या आधी हे वाचा

एम.फार्मला फार्माकॉलॉजी घेतली तेव्हा गाइड सरांनी विषय दिला, नसेच्या (म्हणजे नर्व्हच्या) दुखण्यावर एक औषध थेट मणक्यात देऊन बघायचं, रॅटवर. मी "हो सर" म्हणून बाहेर आले आणि कॅन्टीनमध्ये बसून मोबाईलवर पहिल्यांदा बघितलं की इन्ट्राथिकल म्हणजे नक्की काय असतं (मणक्यात, स्पायनल कॉर्डभोवतीच्या पाण्यात औषध सोडणं). सोलापुरात हे काम केलेलं माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. शेवटी सकाळची हुतात्मा पकडून पुण्याला एका सिनियर ताईकडे तीनदा जाऊन शिकले, आणि तरी पहिल्या बॅचमध्ये माती खाल्लीच. आता दरवर्षी ज्युनियरची पोरं फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा, पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं. या प्रयोगात तुम्ही रॅटच्या तळपायाला काडी टोचणार आणि तो पाय उचलतो का ते बघणार. औषध दिल्यावर पाय उचलला नाही तर आपण खुश होतो की दुखणं कमी झालं. पण पाय न उचलण्याची कारणं तीन असू शकतात: दुखणं खरंच कमी झालं, पाय लुळा पडला किंवा गुंगी आली, नाहीतर रॅट घाबरून जागेवर थिजलाय. यातलं पहिलंच कारण खरं आहे हे दाखवणं म्हणजे तुमचा थीसिस. सुई मारणं महिन्याभरात जमतं हो, त्याचं एवढं टेन्शन घेऊ नका.

मणक्यातच का द्यायचं हा प्रश्न व्हायव्हाला हमखास येतो. नसेला इजा झाली की तिथून येणारे सिग्नल स्पायनल कॉर्डच्या मागच्या भागात, डॉर्सल हॉर्नमध्ये, वाढवून मेंदूकडे जातात, म्हणून औषध तिथेच नेऊन सोडायचं. डोस बारीक लागतो आणि बाकी शरीराला त्रास कमी. झायकोनोटाइडचं उदाहरण द्या, कोनस मॅगस नावाच्या समुद्री गोगलगाईच्या विषावरून बनवलेलं, २००४ ला अमेरिकेत एफडीएची मंजुरी मिळाली आणि आजही ते मणक्यातूनच देतात, कारण पेप्टाइड असल्यामुळे रक्तातून स्पायनल कॉर्डपर्यंत नीट पोचत नाही.

१. परवानगी: इथेच चार महिने जातात

विषय मिळाल्या दिवशी कामाला लागा. आपल्याकडे प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतात, वर सीसीएसईए ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची कमिटी (जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात, तेच ते) आणि कॉलेजमध्ये आयएईसी, म्हणजे कॉलेजची स्वतःची प्राणी-प्रयोग कमिटी. रॅट-माऊसचा प्रोटोकॉल आयएईसी पास करते, त्यासाठी फॉर्म बी, म्हणजे परवानगीचा अर्ज, भरायचा. तुमच्या कॉलेजचं प्राणीगृह नोंदणीकृत आहे का आणि नोंदणीची मुदत संपली नाही ना, हे आधी बघा, आमच्या एका मैत्रिणीचं अख्खं सेमिस्टर त्यात गेलं.

जवळ ठेवायचे कागद:
- फॉर्म बी, गाइडच्या सहीसकट
- प्राणी किती आणि तेवढेच का, याचं गणित
- भूल कोणती, दुखणं वाढलं तर काय करणार, शेवट कसा करणार
- आधीच्या पेपरांचा आढावा, म्हणजे हेच काम आधी झालेलं नाही हे दाखवायला
- औषधाचं सर्टिफिकेट, बॅच नंबरसकट
- ब्रीडरचा नोंदणी क्रमांक

कमिटीत बाहेरून नेमलेले सदस्य आणि व्हेटरनरी डॉक्टर असतात, सगळ्यांच्या तारखा जुळून मीटिंग लागायला वेळ लागतो, त्यामुळे एक मीटिंग चुकली की गेलात. दुखण्याचा प्रयोग म्हटल्यावर ते हमखास विचारतात की प्राण्याला जास्त त्रास व्हायला लागला तर कुठे थांबणार. "काळजी घेऊ" असलं मोघम लिहू नका. वजन किती टक्के घटलं तर, स्वतःच्या पायाची बोटं कुरतडायला लागला तर, खाणं-पिणं बंद केलं तर त्या दिवशीच प्रयोग थांबवू, असं स्पष्ट लिहा. नस बांधलेले रॅट पाय कुरतडतात, हे खरंच होतं, आणि पहिल्यांदा बघितल्यावर त्या रात्री जेवण जात नाही.

अजून एक सापळा म्हणजे केटामाइन, भुलीचं औषध. ते शेड्यूल एक्समध्ये (कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत) आहे, मेडिकलमध्ये जाऊन सहज मागायची वस्तू नाही, व्हेटरनरी डॉक्टरांमार्फत रीतसर आणि नोंद ठेवून. तुलनेसाठी मॉर्फिन वापरायचं डोक्यात असेल तर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा मध्ये येतो, लायसन्स नसेल तर तो नाद सोडा आणि गॅबापेन्टिन किंवा क्लोनिडिनकडे वळा.

२. सामान

- हॅमिल्टन सिरिंज, २५ किंवा ५० मायक्रोलिटरची (साधी इन्सुलिन सिरिंज नको, १० मायक्रोलिटर त्यात नीट मोजताच येत नाही)
- सुया: माऊसला ३० गेज अर्धा इंची, रॅटला २५ ते २७ गेज
- व्हॉन फ्रे फिलामेंटचा सेट (तळपायाला टोचायच्या काड्या त्या याच)
- जाळीचा स्टँड आणि पारदर्शक डबे
- रोटारॉड (रॅट तोल सांभाळतो का ते बघायचा फिरता दांडा), बहुतेक कॉलेजांत असतोच
- आयसोफ्लुरेन (हुंगवून द्यायची भूल) आणि शक्य असेल तर व्हेपोरायझर
- क्रोमिक कॅटगट ४-० (नस बांधायचा धागा), ट्रिमर, ०.२२ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर
- प्रिझर्वेटिव्ह नसलेलं सलाइन

जाळीच्या स्टँडसाठी सायंटिफिकवाल्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, पोपटाचा पिंजरा करायचाय का कोंबडीचा?" पण काम चोख केलं. जाळीची भोकं एवढीच ठेवा की काडी आरपार जाईल आणि रॅटचा पाय अडकणार नाही, आणि कडा घासून घ्या.

३. प्राणी आणि आपला उन्हाळा

प्राणीगृहाचं तापमान १८ ते २९ डिग्रीच्या आत पाहिजे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असतं. एसी आहे म्हणून निवांत राहू नका, जनरेटर एसीचा लोड घेतो का ते विचारा, आमच्याकडे फक्त दिवे घेत होता. ऑर्डर दिलेले प्राणी रात्रीच्या गाडीने मागवा. आल्यावर किमान एक आठवडा काहीही करू नका, फक्त हातात घ्यायची सवय लावा.

आवाजाचं पण बघा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, होम मैदानावर दारूकाम असतं, आणि मिरवणुकांचे डीजे तर आपल्याकडे बाराही महिने. आदल्या रात्री दणदणाट झाला की दुसऱ्या दिवशीचे आकडे विचित्र येतात. मी सरळ कॅलेंडर घेऊन बसायचे आणि जयंत्या-मिरवणुकांचे दिवस सोडून टेस्ट लावायचे, सर हसायचे पण माझे आकडे सरळ यायचे.

४. आधी मेलेल्या प्राण्यावर हात बसवा

ही पायरी कोणी कोणी गाळतं. दुसऱ्या मंजूर प्रयोगात शेवट झालेल्या रॅटची शरीरं सरावासाठी मिळतील का, हे आयएईसीला विचारून लेखी घ्या. त्याच्यासाठी वेगळा जिवंत प्राणी खर्ची घालायची गरज नाही.

पोटाखाली ५० एमएलची फाल्कन ट्यूब आडवी ठेवा म्हणजे कंबर वर येते आणि मणक्यांच्या फटी उघडतात. कंबरेची दोन हाडं अंगठा आणि मधल्या बोटाने धरा, दोन्हींच्या मधल्या रेषेवर तर्जनी फिरवली की खाच लागते, ती एल-५ आणि एल-६ ची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली फट. तिथेच का, तर रॅटची स्पायनल कॉर्ड त्याच्या वरच संपते आणि खाली नसांचा झुपका असतो, सुई गेली तर नसा बाजूला सरकतात, कॉर्डला भोक पडत नाही. मेथिलिन ब्लूचं १० मायक्रोलिटर सोडा, मग मणका उघडून बघा निळा रंग कुठे गेलाय. माझे पहिले सात-आठ सगळे स्नायूत गेले होते, एकही आत नाही! लागोपाठ दहापैकी नऊ आत जाईपर्यंत जिवंत प्राण्याला हात लावायचा नाही असा नियम मी स्वतःला घातला होता, तुम्ही पण घाला.

५. नसेचं दुखणं तयार करणं

मॉडेल बरीच आहेत. १९८८ चं बेनेट आणि शी यांचं सीसीआय (क्रॉनिक कन्स्ट्रिक्शन इंज्युरी), १९९२ चं किम आणि चुंग यांचं एसएनएल (स्पायनल नर्व्ह लायगेशन), २००० चं डेकोस्टर्ड आणि वुल्फ यांचं एसएनआय (स्पेअर्ड नर्व्ह इंज्युरी). नवख्याने सीसीआय घ्यावं असं माझं मत. मांडीत सायटिक नर्व्ह मोकळी करून तिला कॅटगटच्या चार सैल गाठी, साधारण एक-एक मिलिमीटर अंतरावर. सगळा खेळ "सैल" या शब्दात आहे. गाठ नसेला नुसती टेकली पाहिजे, पायाचा स्नायू किंचित थरथरला की थांबायचं. आवळली तर पाय बधिर होतो आणि मग काडी टोचली तरी कळत नाही, म्हणजे तुम्ही दुखण्याचं मॉडेल करायला गेलात आणि बधिरतेचं झालं. सगळ्या सर्जऱ्या एकाच माणसाने कराव्यात, हाताहाताची गाठ वेगळी पडते. कॅटगट सलाइनमध्ये भिजवून ठेवा, पंख्याखाली वाळून तारेसारखा होतो.

शॅम ग्रुप पाहिजेच, नस उघडायची पण बांधायची नाही. दोन आठवड्यांच्या सुमारास दुखणं चांगलं बसतं, औषधाची टेस्ट तेव्हा लावा.

६. काडी टोचायची टेस्ट

व्हॉन फ्रे म्हणजे ठराविक जोर लागला की वाकणारे नायलॉनचे दोरे. पद्धत चॅपलान यांची, १९९४ ची, खाली-वर पद्धत म्हणतात. रॅटला २ ग्रॅमच्या दोऱ्याने सुरू करा, तळपायाच्या मध्यभागी (गादीवर नाही) दोरा किंचित वाकेपर्यंत टेकवून ६ ते ८ सेकंद. पाय उचलला तर पुढचा हलका, नाही उचलला तर पुढचा जड, आणि उत्तर पहिल्यांदा बदललं की तिथून अजून चार वेळा. १५ ग्रॅमवर थांबायचं, त्यापुढचा दोरा पायच ढकलून वर नेतो. नायलॉनवर हवेतल्या दमटपणाचा परिणाम होतो, आपल्याकडचा मे आणि ऑगस्ट यात केवढा फरक असतो तुम्हाला माहितीये, त्यामुळे दर महिन्याला दोरे वजनकाट्यावर दाबून तपासत जा.

आता त्या तिसऱ्या कारणाबद्दल, घाबरण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात माझे दोन रॅट काहीही टोचलं तरी ढिम्म. मी वहीत "दुखणं तयार झालं नाही" लिहून मोकळी. प्राणीगृहात वीस वर्षं काम केलेले काका मागून बघत होते, म्हणाले, "ताई, ते दुखत नाही म्हणून गप नाही बसलंय, तुम्हाला भिऊन बसलंय. मिशा बघा की त्याच्या, हलायलात का?" खरंच, मिशा हलत नव्हत्या, कान मागे, अंग आखडलेलं. मग चार दिवस रोज अर्धा तास नुसतं जाळीवर ठेवून मी शेजारी बसून राहिले, तेव्हा कुठे ते अंग चाटायला लागले आणि त्यानंतरचे आकडे खरे आले. रॅट हुंगत फिरत असेल तर थांबा, झोपला असेल तरी थांबा, शांत पण जागा असला की मगच टोचा.

आणि मोजणारा माणूस बदलू नका. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या मोगिल यांच्या लॅबने दाखवलं की नुसता पुरुष खोलीत असला, अगदी त्याचा घातलेला टी-शर्ट ठेवला तरी, ताणामुळे रॅट-माऊस दुखणं कमी दाखवतात. आमच्या लॅबमधल्या पोरांना हे सांगितल्यावर पुढचा महिनाभर कोण कोणाच्या वासाने किती रॅट बरे करतो यावरच चर्चा. पण गंमत सोडा, पहिल्या दिवशी जो मोजेल त्यानेच शेवटपर्यंत मोजायचं.

७. प्रत्यक्ष इंजेक्शन

माऊसवरची ही पद्धत हिल्डेन आणि विलकॉक्स यांनी १९८० मध्ये दिली, कॅथेटर न घालता थेट सुईने, ५ मायक्रोलिटर. रॅटला १० ते २०. एवढंसंच का, तर माणसात सीएसएफ (मेंदू आणि स्पायनल कॉर्डभोवतीचं पाणी) दीडशे एमएलच्या आसपास असतं आणि रॅटमध्ये पाव एमएलच्या आसपास, जास्त ढकललं तर औषध थेट मेंदूपर्यंत जातं आणि मग तुमचं "मणक्यातलं" औषध मणक्यातलं राहत नाही.

औषध बनवताना घोळ होतात ते असे: डीएमएसओ (औषध विरघळवायचं द्रव) जास्त टाकणं, पीएच न बघणं, नेहमीच्या वायलमधलं प्रिझर्वेटिव्ह आत जाणं. नसांवर थेट पडणारं द्रावण आहे हे, पोटात द्यायच्या औषधासारखं सोडून चालत नाही. फिल्टर करा, पीएच सातच्या आसपास आणा, आणि कंट्रोलला नुसतं सलाइन न देता तुमचं औषध ज्यात विरघळवलंय तेच द्या. गणित पण नीट करा, डोस मायक्रोग्रॅममध्ये ठरवला असेल तर तो १० मायक्रोलिटरमध्ये बसेल एवढं दाट द्रावण लागतं, आणि औषध तेवढं विरघळतच नाही हे लोकांना त्याच दिवशी सकाळी कळतं.

हलकी आयसोफ्लुरेन भूल द्या. इथे केटामाइन-झायलाझिन वापरू नका, कारण केटामाइन स्वतःच एनएमडीए रिसेप्टर (दुखण्याचे सिग्नल वाढवणारा) अडवून दुखणं कमी करतं आणि झायलाझिनही वेगळ्या वाटेने का होईना दुखणं कमीच करतं, मग परिणाम तुमच्या औषधाचा का भुलीचा हे देवालाच माहीत. कंबरेवरचे केस काढा, स्पिरिट लावा, खाच शोधा, सुई जवळजवळ सरळ आत न्या, हाडाला लागली तर थोडी मागे घेऊन कोन बदला. सुई आत पोचली की शेपटी एका बाजूला झटकन उडते, आणि याच क्षणाची वाट बघायची. भूल खोल असेल तर ती उडतच नाही म्हणून हलकीच ठेवायची. शेपटी उडली की सावकाश सोडा, दहा-पंधरा सेकंद सुई तशीच ठेवून मग काढा, लगेच ओढली तर औषध मागच्या वाटेने बाहेर येतं.

शेपटी उडली नाही तर? दोनदा प्रयत्न करा, तिसऱ्यांदा नाही. त्या प्राण्याला त्या दिवसापुरता सोडून द्या आणि वहीत तसं लिहा. "बहुतेक गेलं असेल" म्हणून आकडे धरायचा मोह होतो, मी पहिल्या बॅचमध्ये दोन रॅटचे धरले होते, आणि त्या दोघांनी अख्ख्या ग्रुपचा सरासरी आकडा बिघडवला. कोणते प्राणी वगळणार हे प्रयोगाच्या आधीच लिहून ठेवायचं, नंतर आकडे बघून नाही.

बरेच दिवस रोज डोस द्यायचा असेल तर रोज सुई मारणं बरोबर नाही, त्याला यॅक्श आणि रुडी यांची १९७६ ची बारीक कॅथेटरची पद्धत आहे. तिचा फायदा म्हणजे कॅथेटरमधून थोडं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) सोडलं की मागचे दोन्ही पाय काही मिनिटं लुळे पडतात आणि नळी जागेवर असल्याची खात्री होते. पण सर्जरी अवघड आहे, पहिल्याच प्रोजेक्टला घेऊ नका.

८. पाय का उचलला नाही याचा छडा

औषधानंतर साधारण १५, ३०, ६०, १२० मिनिटांनी काडीची टेस्ट घ्या. पण सोबत हे तीन नसतील तर आकड्यांना अर्थ नाही.

पहिलं, रोटारॉड. औषध दिलेला रॅट फिरत्या दांड्यावरून लवकर पडला तर पाय लुळा आहे किंवा गुंगी आहे. बॅक्लोफेन, क्लोनिडिन असल्या औषधांत डोस चढवला की हे होतं. दुसऱ्या, न बांधलेल्या पायाचे आकडे पण घ्या, तोही बधिर झाला तर संशय घ्यायचा. दुसरं, तोच बारीक डोस एका ग्रुपला त्वचेखाली द्या. तिथेही तेवढाच परिणाम आला तर औषध मणक्यात काम करतंय असं म्हणायला तुमच्याकडे काही उरत नाही. परीक्षकांनी मला सगळ्यात जास्त वेळ याच ग्रुपबद्दल विचारलं. तिसरं, मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नको. सिरिंज मैत्रिणीने भरून नुसते अ-ब-क लिहून दिले, कोडचा कागद सरांच्या कपाटात, सगळी मोजणी संपेपर्यंत उघडायचा नाही.

नर आणि मादी दोन्ही घेता आले तर घ्या. २०१५ मध्ये त्याच मोगिल गटाच्या कामात दिसलं की मणक्यात मिनोसायक्लिन देऊन मायक्रोग्लिया (स्पायनल कॉर्डमधल्या संरक्षक पेशी) शांत केल्या की नर माऊसचं दुखणं कमी होतं, मादीचं नाही. एकाच लिंगावर केलं तर निदान थीसिसमध्ये तसं लिहा.

आणि आकडे छान आले म्हणून लगेच हवेत जाऊ नका. मणक्यातलं गॅबापेन्टिन रॅटमध्ये झकास चालतं, माणसांवर २०१३ मध्ये ट्रायलचा निकाल आला तेव्हा नकली औषधापेक्षा वेगळं काही दिसलं नाही. सरांनी मला हे प्री-सिनॉप्सिसच्या आदल्या दिवशी सांगितलं, धन्यवाद सर.

९. शेवट आणि कागद

ठरलेल्या पद्धतीनेच प्राण्याचा शेवट करा, फॉर्म बी मध्ये जे लिहिलंय तेच. शक्य असेल तर त्याच वेळी नस काढून गाठी बघून घ्या, आवळलेली गाठ सापडली तर तो विचित्र आकडा कुठून आला ते कळतं. शरीरं बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या पिशवीत, मागच्या उकिरड्यावर नाही, हसू नका, मी बघितलंय.

लिहिताना अराइव्ह गाइडलाइन्स (प्राण्यांवरचे प्रयोग पेपरात कसे मांडायचे ते सांगणाऱ्या) समोर ठेवा, २०२० ची सुधारित, जर्नलवाले त्याची चेकलिस्ट मागतात. आणि प्राणीगृहाच्या स्टॉक रजिस्टरमधला प्राण्यांचा आकडा, फॉर्म बी मधला आकडा आणि थीसिसमधला आकडा तंतोतंत जुळला पाहिजे, वगळलेले आणि मेलेले धरून. माझा एकाने कमी येत होता, दोन दिवस शोधलं, शेवटी काकांच्या डायरीत सापडला: "पिंजरा ४, रविवारी पळाला, सोमवारी पकडला, ताईंना सांगायचं राहिलं."